पांतेलीचं ताट

दुमित्रा उभ्यानेच जेवायची. चुलीपाशी, एका हाताने पातेलं धरून, दुसऱ्या हाताने तळाला लागलेली ममालिगा खरवडत. मक्याच्या पिठाचा तो घट्ट पिवळा गोळा तिच्या घरात रोज शिजायचा, आणि त्याचा मधला मऊ भाग कायम दुसऱ्या कुणासाठी असायचा. आधी बापासाठी, मग नवऱ्यासाठी, मग लेकीसाठी, आणि आता नातीसाठी. स्वतःचं ताट वाढून, खाली बसून आपण शेवटचं कधी जेवलो, हे तिला विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

डॅन्यूबपासून दोन कोसांवर, रेताड जमिनीतलं गाव. दुमित्राने बावीस वर्षं सामुदायिक शेतावर कलिंगडं उचलली आणि त्यातच तिची पाठ वाकली. लेक लाविनिया जन्मली ती ब्रेड कार्डावर मिळायचा त्या वर्षांत. दुधाच्या रांगेत दुमित्रा दुलई पांघरून उभी राहायची आणि बाटली कोटाच्या आत, छातीशी धरून घरी आणायची, गोठू नये म्हणून. त्या वर्षांत गावात ज्या घरातलं मूल गुबगुबीत, त्या घरातली बाई कर्तबगार. ती वर्षं सरली, पण हा हिशेब काही दुमित्राच्या मनातून गेला नाही.

म्हणून इलिंकाच्या गालांना गावातल्या बायका चिमटे काढायच्या तेव्हा तिला बरं वाटायचं. इलिंका लाविनियाची मुलगी, पाच वर्षांची. तिचा बाप जर्मनीला कामाला गेला तो तिथलाच झाला. लाविनिया इटलीत एका म्हाताऱ्या बाईचं सगळं करायची, तिच्याच घरातल्या मागच्या खोलीत राहायची. त्या खोलीत मुलाला जागा नव्हती. चार वर्षं झाली, इलिंका आजीपाशीच होती. आजीला ती मामाये म्हणायची.

मे महिन्यात बालवाडीत मुलांची वजनं झाली आणि गावची नर्स कोरिना घरी आली. तीन गावं तिच्याकडे, एक जुनी पांढरी गाडी, आणि पायांत कायम चिखलाचे बूट. मोठ्या बायकांना ती तांती, म्हणजे मावशी, म्हणायची.

"बसा, तांती दुमित्रा."

"उभीच बरी आहे मी. बोल तू."

"एकतीस किलो भरली. पाच वर्षांच्या मुलीचं वजन एकोणीस-वीस असतं."

"आमच्याकडे हाडंच जड."

"हाडं नाहीत ही. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी पोटाची तपासणी केली ना? यकृतावर चरबी आहे. माझ्या बापाला होती तशी. तो पंचावन्न वर्षांचा होता आणि रोज बाटली संपवत होता." कोरिना थांबली. "आणि गुडघे बघितलेत तिचे? आत वळायला लागलेत."

दुमित्राने अंगणाकडे पाहिलं. इलिंका कोंबड्यांच्या मागे चार पावलं पळायची, थांबायची, तोंड उघडून श्वास घ्यायची, पुन्हा चार पावलं. दुमित्राने हे रोज पाहिलं होतं. हे दम लागणं आहे, हे मात्र तिला आत्ता दिसलं.

कोरिनाने दुमित्राच्या फोनमध्ये एक ॲप घालून दिलं. त्यात विजेच्या खांबावर एक करकोचा उभा होता, गावातल्या खऱ्या करकोच्यांसारखाच. जेवायच्या वेळी तो चोच वाजवायचा आणि पडद्यावर अक्षरं यायची: इलिंकाने आज काय खाल्लं? मग ताटाचा एक फोटो जेवणाआधी काढायचा, एक जेवणानंतर. ताट चांगलं असलं की हिरवं पान उगवायचं आणि करकोचा घरट्यात एक काडी ठेवायचा. वाईट असलं की लाल पान, आणि करकोचा एक काडी उचलून घेऊन जायचा. ते फोटो कोरिनालाही दिसायचे आणि इटलीत लाविनियालाही.

"मला हे जमायचं नाही," दुमित्रा म्हणाली.

"मला जमतं," इलिंका म्हणाली आणि तिने आजीच्या हातातून फोन काढून घेतला.

त्याच रविवारी लाविनियाचा फोन आला. कोरिनाने तिला सगळं कळवलं होतं. लाविनिया ओरडली नाही. ती ओरडली असती तर दुमित्राला सोपं गेलं असतं.

"आई, सप्टेंबरपर्यंत बघते मी. कोरिना म्हणते वजन उतरलं नाही तरी चालेल, वाढायला नको. एकतीसच्या आत राहिली तर शाळेत जाईपर्यंत राहू दे तुझ्याकडे. वाढली तर मी घेऊन जाणार."

"कुठे नेशील? म्हातारीच्या मागच्या खोलीत?"

"काम सोडेन. दुसरं बघेन. एका मैत्रिणीकडे पलंग मिळेल आम्हा दोघींना."

"तिला तिथली भाषा येत नाही."

"मलाही येत नव्हती."

दुमित्राने डुकराच्या चरबीचा डबा माळ्यावर ठेवला. साखरेच्या बरणीला दोरी बांधली. परसात काकड्या, टोमॅटो, चवळीच्या शेंगा होत्याच. आजवर त्या विकायला जायच्या, आता ताटात आल्या. पहिले दोन आठवडे इलिंका रडली, ताट ढकललं, एकदा शेंगांचा वाडगा कोंबड्यांपुढे ओतून आली. दुमित्राने तोही फोटो पाठवला: रिकामा वाडगा, भोवती कोंबड्या. "मी खोटं नाही पाठवणार," तिने कोरिनाला फोनवर सांगितलं. "खाल्लं तर खाल्लं, नाही तर नाही." कोरिना खूप हसली. पण तिने मनात नोंद केली की ही बाई खरी आहे.

मग करकोच्याने जादू केली. घरट्यातल्या काड्या वाढायला लागल्या तशी इलिंका स्वतःच काकडी मागायला लागली. जूनच्या मध्यावर कोरिनाने वजन घेतलं. तीस किलो सहाशे.

"तांती दुमित्रा, तुम्ही बाकीच्यांच्या आयांना शिकवायला या माझ्याबरोबर."

"मी कशाला. करकोचा शिकवतो," दुमित्रा म्हणाली, पण त्या दिवशी तिने अंगण दोनदा झाडलं.

जूनच्या शेवटी शेजारचा पांतेली गेला. कलिंगडाच्या गाडीवर चढत असताना खाली बसला, आणि बसला तो बसलाच. चांगला धिप्पाड माणूस, खाण्याचा शौकीन, गावात सगळे त्याला नेआ पांतेली, म्हणजे पांतेलीकाका, म्हणायचे. इलिंका त्याची लाडकी. कलिंगड कापलं की मधला, बी नसलेला तुकडा तो सुरीच्या टोकावर धरून कुंपणावरून तिला द्यायचा.

मातीच्या दुसऱ्या दिवशी त्याची बायको तुदोरा काळा रुमाल बांधून दारात उभी राहिली. हातात झाकलेलं ताट, त्यावर पेटलेली मेणबत्ती.

"इलिंकाला धरते मी," ती म्हणाली. "चाळीस दिवस."

दुमित्राला कळायचं ते कळलं. मेलेला माणूस चाळीस दिवस वाटेत असतो. त्या वाटेवर त्याला भूक लागते, आणि त्याचं जेवण त्याच्यापर्यंत पोचायला एक जिवंत तोंड लागतं. घरचे एखाद्याला निवडतात, शक्यतो मूल, ज्याच्यावर गेलेल्याचा जीव होता असं. त्याने रोज यायचं, गेलेल्याच्या आवडीचं खायचं, ताटात काही ठेवायचं नाही. ताटात जेवढं उरलं तेवढा तो उपाशी.

"तुदोरा, तिला डॉक्टरांनी..." दुमित्राने सुरुवात केली.

"तुझा इओन गेला तेव्हा माझ्या पोराने खाल्लं त्याच्यासाठी. ताप होता अंगात त्याच्या. मी म्हटलं का काही?"

ते खरं होतं. तुदोराचा पोरगा अंगात ताप घेऊन दुमित्राच्या नवऱ्याची, इओनची, आवडती आंबट कोबीची भाजी खायला यायचा, कपाळावर घाम, आणि एकदाही नाही म्हणाला नव्हता.

"आणि ती थोडीच खाणार आहे," तुदोरा हळू आवाजात म्हणाली. "तो खाणार आहे. तिच्या पोटात काय राहतंय त्यातलं?"

पहिलं ताट दुमित्राच्याच ओसरीवर मांडलं गेलं. चरबीत मुरवलेल्या मांसाचे तुकडे, त्याच चरबीत तळलेली दोन अंडी, ममालिगेवर साईचा थर, आणि अक्रोड घातलेल्या गोड पावाची जाड कापं. दुमित्राचा हात सवयीने फोनकडे गेला.

"काय करतेस?" तुदोरा म्हणाली.

"ताटाचा फोटो काढते. रोज काढावा लागतो."

"मेलेल्याच्या ताटाचा? त्याच्या तोंडचा घास आहे तो, दुमित्रा. तू तो इटलीला पाठवणार?"

दुमित्राने फोन खाली ठेवला. पडद्यावर प्रश्न तसाच उभा होता: इलिंकाने आज काय खाल्लं? तिने प्रामाणिकपणे विचार केला. इलिंकाने अजून काहीच खाल्लं नव्हतं. हे पांतेलीचं होतं. पांतेलीबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

"डोळे मिट," तुदोरा इलिंकाला म्हणाली. "डोळे मिटून खाल्लं की सरळ त्याच्याकडे जातं. आणि संपलं की म्हणायचं, बोगदाप्रोस्ते."

"बोगदाप्रोस्ते," इलिंका म्हणाली. गेलेल्याच्या नावाने मिळालेलं घेताना म्हणतात तो शब्द. तिने डोळे मिटले आणि खायला लागली. मध्येच थांबली. "मामाये, माझं पोट भरलं."

दुमित्राने तुदोराकडे पाहिलं.

"त्याचं भरलं का?" इलिंकाने विचारलं.

"नाही अजून," तुदोरा म्हणाली आणि तिचा आवाज कापरा झाला.

इलिंकाने ताट संपवलं.

इलिंका मनाने सरळ मूल होती. तिला काम सोपवलं की ती करायची. रोज अकराच्या सुमारास ती स्वतःच कुंपणाच्या फटीतून पलीकडे जायची, पांतेलीच्या जागेवर बसायची, डोळे मिटायची. बुधवारी-शुक्रवारी उपासामुळे मांस नसायचं, तेव्हा तेलात तळलेले बटाटे आणि सूर्यफुलाच्या बियांचा हलवा. पांतेलीला हलवा फार आवडायचा. तुदोरा समोर बसून तिला बघायची, आणि त्या अर्ध्या तासात तिचा चेहरा जरा सैल पडायचा. दुमित्राने तो चेहरा पाहिला होता. त्या चेहऱ्याला नाही कसं म्हणायचं, ते तिला येत नव्हतं.

घरी परतल्यावर दुपारचं जेवण इलिंकाला जायचं नाही. वाटीभर शेंगा, दोन फोडी टोमॅटो, की पुरे. दुमित्रा आधीचा फोटो काढायची, नंतरचा काढायची. एक शब्द खोटा नाही. हिरवं पान, हिरवं पान. आता तर करकोचा पंख पसरून नाचायचा, कारण ताट लहान झालं होतं. जुलैच्या मध्यावर घरटं पूर्ण झालं आणि त्यातून दोन पिल्लांनी डोकी वर काढली.

लाविनियाचा फोन आला तेव्हा ती रडत होती. "आई, मी रोज बघते. म्हातारीला जेवू घालताना बघते. तू इतकं करशील असं मला वाटलं नव्हतं गं."

दुमित्राला तेव्हा सांगावंसं वाटलं. जिभेवर आलंही होतं. पण सांगायचं काय? पांतेली जेवतो, हे का फोनवर सांगायची गोष्ट आहे?

कोरिनाच्या यादीत ज्या घरांची पानं लाल, ती वर यायची. हिरवी खाली जायची. दुमित्राचं घर पार तळाला गेलं. तीन गावं, एक गाडी. जुलैत ती आली नाही. एकदा बाजारात भेटली, तेव्हा लांबूनच हात वर करून म्हणाली, "तुमची काळजी नाही मला."

इलिंका ओसरीची पायरी आता हाताने धरून चढायची. दुमित्रा म्हणायची, ऊन आहे. ऊन होतंच.

चाळिसाव्या दिवशी तुदोराच्या अंगणात मांडणी झाली. रीतीप्रमाणे गेलेल्याला पलीकडे लागेल ते सगळं, जिने खाल्लं तिला द्यायचं: एक छोटं लाकडी टेबल, तीन पायांचं स्टूल, ताट, चमचा, टॉवेल. आणि नवा कपडा. तुदोराने इलिंकासाठी निळा झगा शिवला होता. माप तिने पहिल्या ताटाच्या दिवशीच घेतलं होतं, आणि रोज संध्याकाळी थोडं थोडं शिवत चाळीस दिवसांत पुरा केला होता. धर्मगुरूंनी धूप फिरवला. तुदोराने झगा इलिंकाच्या डोक्यातून घातला, खांद्यांवरून खाली ओढला, पाठीकडून बटणं लावायला घेतली.

बटणं काजांपर्यंत पोचेनात. चार बोटांचं अंतर राहिलं.

"श्वास सोड," तुदोरा म्हणाली. इलिंकाने श्वास सोडला. तीन बोटं.

"कापड आटलं वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं.

"धुतलंच नाही तर आटेल कसं," तुदोरा पुटपुटली, आणि मग तिचे हात थांबले. तिने वर पाहिलं. दुमित्रा तिच्याकडेच बघत होती. दोघींच्या मध्ये ती उघडी पाठ होती, गोरी, रुंद, उन्हाने घामेजलेली, आणि दोन्ही बाजूंना निळ्या कापडाच्या कडा.

चाळीस दिवस दुमित्राने जे स्वतःला सांगितलं होतं, ते त्या तीन बोटांच्या फटीतून गळून गेलं. पांतेलीने काही खाल्लं नव्हतं. निदान सगळं तरी खाल्लं नव्हतं. दुमित्राने आपल्या डोक्यावरचा काळा रुमाल सोडला आणि नातीच्या पाठीवर टाकला.

"बोगदाप्रोस्ते," इलिंका म्हणाली. तिला कुणी सांगावं लागलं नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कोरिनाने वजन घेतलं. काट्याकडे बघून ती खाली वाकली, त्याखाली काही अडकलंय का पाहिलं, इलिंकाला उतरवून पुन्हा चढवलं. चौतीस किलो दोनशे.

"तुम्ही तर म्हणाला होतात, खोटं नाही पाठवणार."

"एकही फोटो खोटा नाही."

"मग हे कुठून आलं?"

दुमित्राने सांगितलं. सांगताना ती उभी होती आणि हात एप्रनमध्ये गुंडाळलेले होते. कोरिना शेजारच्याच गावची. तिला समजावून सांगायची गरज नव्हती. ऐकून ती खुर्चीत मागे टेकली.

"मी यायला हवं होतं," ती म्हणाली. "हिरवं बघितलं आणि आले नाही."

लाविनियाला दुमित्राने स्वतः फोन करून सगळं सांगितलं. पलीकडे लाविनियाने म्हातारीच्या खोलीतला रेडिओ बंद केला.

"ते तिचं नव्हतं गं," दुमित्रा म्हणाली. "त्याचं होतं. म्हणून नाही लिहिलं."

"माहीत आहे मला, आई. मीही खाल्लंय. सात वर्षांची होते, तुदोराच्या सासूसाठी. अजून आठवतं. पोट फुटेल असं वाटायचं आणि तू म्हणायचीस, अजून एक घास, ती उपाशी राहील." थोडं थांबून ती म्हणाली, "म्हणूनच नेते मी तिला. तू वाईट आहेस म्हणून नाही. तुला नाही म्हणता येत नाही म्हणून."

ती दोन दिवसांसाठी आली. मिनीबसने. इलिंकाच्या पिशवीत दुमित्राने काहीच खायला घातलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिने कुणाला रिकाम्या हाताने वाटेला लावलं. इलिंकाने विचारलं, "करकोचा येतो का तिकडे?" लाविनिया म्हणाली, "फोनमधला येतो." खांबावरचं खरं घरटं कधीच रिकामं झालं होतं.

मग उरलं ते घर. फोन दुपारी चोच वाजवायचा, कारण दुमित्राचं नाव ॲपमधून कुणी काढलं नव्हतं. आता फोटो लाविनिया पाठवायची: पांढरं ताट, माशाचा तुकडा, हिरवी पालेभाजी, कडेला चार गुबगुबीत बोटं. दुमित्रा ते चित्र बोटांनी मोठं करायची, फक्त बोटांपुरतं.

तीन आठवड्यांनी एका दुपारी लाविनियाचा व्हिडिओ कॉल आला.

"आई, एक विचारू? ती दोन ताटं मागते."

"भूक लागत असेल. नवी जागा."

"भूक नाही. आधी आपलं खाते, डोळे उघडे ठेवून. मग दुसरं मागते आणि डोळे मिटते. पोट दुखतं म्हणते तरी संपवते. मी दिलं नाही तर रडते." लाविनियाने आवाज खाली आणला. "आणि संपलं की हळूच बोगदाप्रोस्ते म्हणते. मी विचारलं कुणासाठी. म्हणाली, मामायेसाठी. मामाये लांब आहे ना, तिला कोण देणार."

चुलीवर पातेलं होतं, तळाला ममालिगा लागली होती, आणि दुमित्रा नेहमीसारखी उभी होती.

"दे तिला फोन," ती म्हणाली.

इलिंकाचा चेहरा पडद्यावर आला, खूप जवळ, अर्धं कपाळ, अर्धा डोळा.

"मामाये, पोचलं का तुला?"

"नाही पोचलं. मी मेलेली नाही, बाळा. जे मेलेत त्यांनाच पोचतं तसलं. माझं मी स्वतःच जेवते."

"खोटं. तू कधीच जेवत नाहीस. मी पाहिलंय."

दुमित्राने फोन खिडकीत टेकवून उभा केला. कोपऱ्यातलं छोटं लाकडी टेबल ओढलं, पांतेलीच्या नावाने आलेलं, त्याच्यापुढे तीन पायांचं स्टूल ठेवलं. ताट घेतलं. ममालिगेचा मधला मऊ भाग कापून त्यात ठेवला, दोन टोमॅटो चिरले, परसातल्या शेवटच्या शेंगा. ती खाली बसली. स्टूल लहान होतं, गुडघे छातीपर्यंत आले.

"बघ," ती म्हणाली. "डोळे उघडे ठेव आणि बघ."

तिने पहिला घास घेतला. पलीकडे त्या अर्ध्या डोळ्याने पापणी न लववता पाहिलं. दुमित्राने गिळला, दुसरा घेतला. ताट संपायला बराच वेळ लागला. तुदोरा बघायची तशी इलिंका बघत राहिली.

"भरलं का?" शेवटी तिने विचारलं.

"भरलं."

"उद्या पुन्हा बघेन."

"बघ. रोज बघ. पण ते दुसरं ताट मागायचं नाही."

फोन बंद झाला. दुमित्रा त्या लहान स्टुलावरच बसून राहिली. उठायला धरायला काही नव्हतं. जरा वेळाने पडदा उजळला, करकोच्याने चोच वाजवली. तिने रिकाम्या ताटाचा फोटो काढला आणि पाठवून दिला. ते कुणाचं ताट, हे ॲपने विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.